हजार पट वेग वाटेत कुठे सांडतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कंप्युटरच्या नव्या मेमरीवर अर्धं पान लेख दिलात, "आता कंप्युटर हजार पट पळणार" असं मोठं हेडिंग, खाली सर्किटचा निळा फोटो. वाचून बरं वाटलं की मराठी पेपरात असलं काही येतंय, पण शेवटपर्यंत वाचल्यावर राहवेना म्हणून हे पत्र. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो, वीस-एक वर्षं हेच काम, आणि हीच हजार पटवाली मेमरी आमच्याकडे २०२० मध्ये आली होती, तिच्यापायी मी बऱ्याच रात्री जागलोय, त्यामुळे माझं थोडं ऐकून घ्या.

आधी एक छोटी तक्रार. लेखात "चिरस्थायी स्मृती" असा शब्द वापरलाय. आमच्या आत्याने तो मोठ्यांदा वाचला आणि विचारलं, कुणाच्या स्मृतीप्रीत्यर्थ रे हे? आता तिला काय सांगणार. ऑफिसात आम्ही सगळे पर्सिस्टंट मेमरी किंवा नुसतं पीमेम म्हणतो, तुम्ही पण तेच छापा, लोकांना कळतं. म्हणजे काय तर रॅमसारखी मदरबोर्डच्या स्लॉटमध्येच बसणारी पट्टी, पण लाइट गेली तरी आतलं पुसलं जात नाही. एवढंच.

आता त्या हजार पटीबद्दल. हा आकडा २०१५ च्या जुलैमधला आहे, इंटेल आणि मायक्रॉन या दोन चिप कंपन्यांनी थ्रीडी क्रॉसपॉइंट नावाची ही मेमरी जाहीर केली तेव्हा नँड फ्लॅशपेक्षा (एसएसडीत असते ती मेमरी) हजार पटीपर्यंत वेगवान असं म्हटलं होतं, आणि ते बोलणं आतल्या चिपबद्दल होतं, तुमच्या आमच्या कंप्युटरबद्दल नाही. प्रत्यक्ष पट्ट्या ऑप्टेन नावाने २०१९ मध्ये बाजारात आल्या, १२८, २५६ आणि ५१२ जीबीच्या. त्या मोजल्या तर रँडम वाचायला साधारण ३०० नॅनोसेकंद लागतात, साध्या रॅमला ८०-१०० लागतात. म्हणजे रॅमच्या तिप्पट संथ पण चांगल्या एसएसडीपेक्षा शेकडो पट चपळ, एसएसडीला ८०-१०० मायक्रोसेकंद, म्हणजे ८०-१०० हजार नॅनोसेकंद, लागतातच. हे खोटं नाही. पण लेखात जे "येणार येणार" म्हटलंय ते येऊन गेलं हो, मायक्रॉनने २०२१ मध्ये अंग काढून घेतलं आणि इंटेलने २०२२ च्या जुलैमध्ये ऑप्टेनचा धंदाच गुंडाळायला घेतला, ५५.९ कोटी डॉलरचा माल तोट्यात लिहून टाकला. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

मग मेलेल्या मालाबद्दल मी एवढं का लिहितोय? कारण वेग चिपमध्ये होता, तो आमच्यापर्यंत पोचला नाही, आणि तो अडवणारी गोष्ट अजून जिवंत आहे, ती तुमच्या-माझ्या प्रत्येक मशीनमध्ये बसलीये. फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठल्या जागेत आहे याचा हिशोब ठेवणारी व्यवस्था.

आमची गोष्ट सांगतो. कंपनीत बेअरिंग टेस्ट करायच्या बेंच आहेत, प्रत्येक बेंचवरून सतत रीडिंग येतात, एक रीडिंग म्हणजे शंभरेक बाइट, ते फाइलच्या शेवटी जोडायचं आणि लगेच पक्कं करायचं, कारण मधेच लाइट गेली आणि रीडिंग हरवलं तर आख्खी टेस्ट परत लावावी लागते. साहेबांनी कुठेतरी ऐकलं, टेंडर निघालं, पुरवठादार आला, पट्ट्या बसल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चालवला. आधी रिपोर्ट लावून आम्ही चहा प्यायला खाली जायचो आणि वर येईपर्यंत तो व्हायचा. आता पण खाली जाऊन वर येईपर्यंतच झाला. साहेब माझ्याकडे बघतायत, मी पुरवठादाराकडे, पुरवठादार एसीकडे, आणि एसीतून टपटप पाणी बादलीत.

दोन रात्री लॉग चाळल्यावर सापडलं. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, बूटच्या लॉगमध्ये शेकडो ओळींच्या मधे एक्सएफएसने (आमची फाइल सिस्टीम) एक ओळ लिहून ठेवली होती की ब्लॉक डिव्हाइसला डॅक्स (ते काय ते पुढे सांगतो) चालत नाही, डॅक्स बंद करतोय. बस. ना लाल अक्षर, ना बीप, माउंट, म्हणजे पट्टी वापरायला जोडणं, आपलं व्यवस्थित झालं आणि गाडी जुन्याच रस्त्याने चालू. झालं असं होतं की पुरवठादाराच्या माणसाने पट्ट्या सेक्टर मोडमध्ये लावल्या होत्या. त्याचं पण अगदीच चुकलं असं नाही म्हणणार, त्या मोडमध्ये एक सेक्टर लिहिला जाईल तर पूर्ण नाहीतर अजिबात नाही अशी हमी मिळते, त्याला ते सेफ वाटलं असेल. पण त्या मोडमध्ये डॅक्स चालतच नाही, आणि डॅक्स नाही तर या पट्टीचे पैसे कशाला दिले.

डॅक्स म्हणजे काय ते बडोदेकरांना समजावणं सोपं आहे. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी आठवा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं आणि वाचकाने थेट कपाटापर्यंत जावं अशी पद्धत इथे लावली, लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरश्या, वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपतो, लहानपणी मी त्या काचेवरून पाय घासत चालायचो, फुटेल म्हणून. आता याच्या उलट पद्धतीची लायब्ररी डोळ्यासमोर आणा. तुम्ही काउंटरवर चिठ्ठी भरायची, शिपाई आत जाणार, तुम्हाला एक ओळ हवी असली तरी आख्खा गठ्ठा आणणार, त्याची नक्कल काढून टेबलावर ठेवणार, तुम्ही नकलेवर वाचायचं, काही दुरुस्ती केली तर ती नकलेवर, आणि शिपाई सवडीने ती आत मूळ प्रतीत चढवणार. हार्ड डिस्कवरची फाइल सिस्टीम अशी चालते. गठ्ठा म्हणजे ४ केबीचा ब्लॉक, टेबल म्हणजे रॅममधला पेज कॅश, शिपाई म्हणजे ब्लॉक लेअर. डॅक्सने टेबल आणि शिपाई दोन्ही काढून टाकले, प्रोग्राम सरळ कपाटाशी उभा राहून वाचतो. लिनक्समध्ये हे २०१५ मध्ये ४.० कर्नलपासून आलं, ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टीममध्ये चालतं.

आणि काउंटरवाली पद्धत कुणी मूर्खपणाने काढली नव्हती हे पण सांगतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरा, ४ मिलिसेकंद गेले. म्हणजे ४० लाख नॅनोसेकंद. एवढ्या वेळात शिपायाने आठ-दहा हजार नॅनोसेकंद चिठ्ठ्या भरण्यात घालवले तर कुणाच्या बापाला कळतंय. उलट नक्कल जवळ ठेवली तर पुढच्या वेळेस आत जावंच लागत नाही, फायदाच. पण कपाट काउंटरला येऊन चिकटल्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या दिसायला लागतात.

किती दिसतात त्याचा आकडा मला पाठ आहे, कारण मी तो साहेबांच्या केबिनमध्ये बोर्डवर लिहिला होता. ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये स्प्लिटएफएस नावाची फाइल सिस्टीम मांडली तेव्हा मोजलं होतं, ऑप्टेनवर फाइलच्या शेवटी ४ केबी जोडायला खुद्द पट्टीला ६७१ नॅनोसेकंद लागतात, आणि तेच काम ईएक्सटी४ ला डॅक्स लावून सांगितलं तर ९००२ नॅनोसेकंद. डॅक्स लावून बरं का! म्हणजे खरं काम सात टक्के, बाकी सगळं कर्नलमध्ये जा, कुलूप लाव, जागा शोध, जर्नल (बदलांची नोंदवही) लिही, परत ये. साहेब पाच मिनिटं बोर्डाकडे बघत बसले आणि म्हणाले, मग आपण पैसे पट्टीचे दिले का चिठ्ठीचे?

तर आम्ही काय केलं. सगळा डेटा दुसरीकडे हलवला, कारण मोड बदलताना पट्टीवरचं सगळं जातं, आणि एफएस-डॅक्स मोडमध्ये, म्हणजे डॅक्स चालतं त्या मोडमध्ये, नव्याने लावलं. फॉरमॅट करताना एक्सएफएसला सांगितलं की जागा २ एमबीच्या मापाने दे, आणि रीफ्लिंक (दोन फाइलींनी एकच जागा वाटून घेणं) बंद, कारण तेव्हाच्या कर्नलमध्ये रीफ्लिंक आणि डॅक्स एका घरात नांदत नव्हते. २ एमबीचं कारण असं की फाइल मेमरीत जोडताना (म्हणजे प्रोग्रामला ती मेमरीसारखी थेट वाचता-लिहिता यावी म्हणून) तुकडे नीट २ एमबीच्या रेघेवर बसले तर प्रोसेसर एका दमात मोठं पान जोडतो, रेघ चुकली की तेच ४ केबीच्या ५१२ पानांत जोडत बसतो, प्रत्येक पानाला एक पेज फॉल्ट, म्हणजे थांबून कर्नलला विचारणं. फाइल सिस्टीम जुनी होऊन जागा विस्कटली की हे आपोआप बिघडत जातं, नवी असताना पळते आणि वर्षाने रखडते, आणि आपण व्हायरस शोधत बसतो.

एवढं केल्यावर वाचन सुधारलं, रिपोर्ट चहा हातात यायच्या आत. पण बेंचची लिहिण्याची रांग होती तिथेच. आमच्याकडे एक मुलगा आहे, इथल्याच एमएस युनिव्हर्सिटीचा, कलाभवनचा, रीडिंग नोंदवणारा प्रोग्राम, लॉगर, त्यानेच लिहिलेला. त्याला बसवला शेजारी आणि पर्फ नावाचं मोजायचं साधन लावून बघितलं की वेळ कुठे जातोय. पट्टीवर जवळजवळ नाहीच. प्रत्येक रीडिंगमागे एक एफसिंक (आत्ताच पक्कं कर हा हुकूम), प्रत्येक एफसिंकमागे फाइल सिस्टीमची स्वतःची वही, कारण फाइल शंभर बाइटने वाढली ही बातमी पण नोंदवायची असते. शंभर बाइटच्या मालाला केवढं ते बिल.

त्याने मग फाइल आधीच मोठी करून शून्याने भरून ठेवली, म्हणजे दर वेळेस वाढायची भानगड नको, ती मेमरीत जोडली, आणि रीडिंग सरळ मेमरीत लिहायला लागला, मधे कर्नलला विचारणंच नाही. ऐकायला सोपं आहे. इथे एक खाच आहे जी तुमच्या लेखात यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण लोक इथेच आपटतात. प्रोसेसर जे लिहितो ते आधी त्याच्या स्वतःच्या कॅशमध्ये राहतं, ६४ बाइटच्या ओळींत, आणि तिथून पट्टीवर कधी उतरेल, कुठल्या क्रमाने उतरेल हे तो आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणजे शाई अजून पेनातच आणि तुम्ही म्हणताय लिहून झालं. लाइट गेली की पेनातली शाई गेली. त्यात एका झटक्यात न तुटता लिहिलं जाईल अशी खात्री फक्त ८ बाइटची. म्हणून शिस्त अशी, आधी रीडिंग लिही, ती ओळ कॅशमधून बाहेर ढकल, कुंपण घाल की हे झाल्याशिवाय पुढचं नाही, आणि मग शेवटी "इतकी रीडिंग झाली" हा ८ बाइटचा आकडा बदल, तो पण ढकल. मधे कुठेही लाइट गेली तरी आकडा जुना आणि रीडिंग अर्धवट, अर्धवटाकडे कुणी बघतच नाही. क्रम उलटा केला तर आकडा म्हणेल एक हजार एक आणि एक हजार एकावं रीडिंग म्हणजे कचरा. आमच्या मुलाने पहिल्यांदा उलटंच केलं होतं. आम्ही मुद्दाम वायर उपटून बघितलं म्हणून कळलं, तीन वेळा उपटली काही झालं नाही, चौथ्यांदा कचरा. त्या पोराचा चेहरा असा झाला की मी त्याला खाली नेऊन सेव-उसळ खाऊ घातली.

त्यातून फाइल जोडताना मॅप-सिंक म्हणून एक खूण द्यावी लागते, कर्नल ४.१५ पासून आहे, ती दिली की फाइल कुठल्या जागेत आहे ही नोंद कर्नल आधी पक्की करतो आणि मगच तुम्हाला लिहू देतो. नाहीतर रीडिंग पट्टीवर सुखरूप आणि फाइल सिस्टीम विचारणार, ही जागा कुणाची?

आणखी दोन गोष्टी पटकन. ही पट्टी आतून २५६ बाइटच्या मापाने लिहिते, शंभर बाइट दिले तरी ती २५६ चाच घास घेते, म्हणून आम्ही एका बेंचची दोन रीडिंग एकत्र बांधून २५६ च्या खोक्यात लिहायला लागलो, फरक पडला. आणि दुसरं, लिहिणारे थ्रेड (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या शाखा) सोळा होते ते चार केले तर वेग वाढला. हे साहेबांना पटवायला मला पट्टी बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एका पट्टीची लिहिण्याची ताकद सेकंदाला २.३ जीबीच्या आसपास, वाचण्याची ६.६, लिहिणाऱ्यांची गर्दी झाली की आतले छोटे बफर एकमेकांना ढकलतात आणि सगळ्यांचंच नुकसान. न्यायमंदिरासमोरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकसारखं, रिक्षा वाढल्या म्हणून माणसं लवकर पोचत नाहीत.

आता कुणी म्हणेल की हे सगळं तुम्ही प्रोग्राममध्ये हाताने केलंत, फाइल सिस्टीमनेच का नाही करायचं? अगदी बरोबर, आणि जगात हुशार लोक त्याच्याच मागे होते. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीत २०१६ मध्ये नोव्हा नावाची फाइल सिस्टीम निघाली, तिची कल्पना मला फार आवडते, एक सामायिक वही ठेवून सगळ्यांनी रांग लावायच्या ऐवजी प्रत्येक फाइलची स्वतःची छोटी वही, आणि मोकळ्या जागेची यादी पण प्रत्येक प्रोसेसर कोअरची वेगळी, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. मघाच्या त्याच मोजमापात नोव्हाला ९००२ च्या जागी ३०२१ नॅनोसेकंद लागले. स्प्लिटएफएसवाल्यांनी वेगळीच युक्ती काढली, नुसतं वाचणं-लिहिणं कर्नलच्या बाहेरच उरकायचं, फाइल बनवणं, नाव बदलणं असली किचकट कामं तेवढी ईएक्सटी४ कडे सोपवायची, आणि शेवटी जोडायचा माल आधी एका बाजूच्या फाइलमध्ये ठेवून एफसिंकच्या वेळी कॉपी न करता नुसता मालकी हक्क फिरवायचा, सातबाऱ्यावर नाव बदलावं तसं, जमीन तिथेच. त्यांचा आकडा १२५१, सगळ्यात कडक हमी देऊन. पट्टी तीच, चिप तीच, फक्त मधला रस्ता बदलला आणि सात पट फरक. तुमचं हेडिंग खरं तर याला द्यायला हवं होतं.

पण नोव्हा लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधी गेली नाही, आणि पट्ट्याच बंद पडल्यावर या कामाचा जोर ओसरला, याचं मला वाईट वाटतं. आमच्या पट्ट्या अजून चालू आहेत, टच वुड, सुटं सामान मिळेल तोवर.

तरी हे शिकून वाया गेलेलं नाही. आता सीएक्सएल नावाच्या जोडणीवर मेमरीच्या नव्या जाती येतायत, तिथे हाच प्रश्न परत उभा राहणार. आणि साध्या एनव्हीएमई एसएसडीवर सुद्धा थोड्या प्रमाणात हेच आहे, लिनक्समध्ये २०१९ पासून आयओ-युरिंग नावाची सोय आहे ती याच दुखण्यावर, चिठ्ठ्या एकेक करून न देता गठ्ठ्याने द्या आणि उत्तरं पण गठ्ठ्याने घ्या.

कलाभवनच्या किंवा दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना करून बघायचं असेल तर पट्टी विकत घ्यायची पण गरज नाही. लिनक्स बूट करताना कर्नलला सांगता येतं की रॅममधले ४ जीबी बाजूला काढ आणि ते पर्सिस्टंट मेमरी आहे असं समज, मग त्यावर फॉरमॅट करा, डॅक्स लावून माउंट करा, न लावता माउंट करा, आणि मोजा. वेळा खऱ्या पट्टीसारख्या येणार नाहीत, लाइट गेली की सगळं जाणार, पण चिठ्ठ्यांचा खर्च दिसतो, आणि एकदा दिसला की मग माणूस टेंडर वेगळ्या डोळ्याने वाचतो. मी आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला जुन्या लॅपटॉपवर हे करून दाखवलं, संध्याकाळभर बसली होती, आई जेवायला हाक मारून मारून दमली.

आणि इथल्या कारखानदारांना, दवाखान्यांना, सहकारी बँकांना माझी एक विनंती तुमच्या मार्फत. स्टोरेज घेताना पुरवठादाराला पट्टीचा वेग विचारू नका, तो तर तो तोंडपाठ सांगणार. तुमचा स्वतःचा प्रोग्राम, तुमचा स्वतःचा डेटा त्याच्या मशीनवर चालवून दाखव म्हणा, आणि पैसे त्यानंतर. आम्ही हे उशिरा शिकलो.

जागा असेल तर छापा, लांब वाटलं तर आत्याचा किस्सा काढून टाका, ती तशीही रागावलीये. पण एक दुरुस्ती मात्र नक्की छापा, लेखातल्या चौकटीत नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग असं आलंय, तो मायक्रोसेकंद झाला, नॅनोसेकंद म्हणजे अब्जावा भाग. हजाराचा फरक आहे.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे